नांगरावरचा दिवस



मराठीत ‘नांगर’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आपल्या मराठवाड्यात नांगर म्हटला की जमीन उलथणारे औत डोळ्यांपुढे येते. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र नांगर म्हणजे नावेला जागच्या जागी धरून ठेवणारा लोखंडी आकडा. आपला नांगर जमिनीत घातला की काम सुरू होते; त्यांचा नांगर पाण्यातून वर काढला की प्रवास सुरू होतो. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखीच आहे. नांगरटीच्या आधी फाळ पाजवून आणलेला नसेल, दोर कुजका असेल, तर शेताच्या मध्यावर भर उन्हात बैल उभे राहतात. नावेचेही तसेच. फरक एवढाच की शेतातून गावात येऊन लोहाराला हाक मारता येते. भर समुद्रात लोहार नाही, सुतार नाही, दुकान नाही, आणि परतीची पायवाटही नाही.

आज आपण माहिती घेणार आहोत ती अशाच एका दिवसाची. शिडाची नाव मोठा समुद्र ओलांडायला निघण्याआधी बंदरात नांगरावर उभी असते, तो दिवस. त्या दिवशी दिसायला काहीच घडत नाही. वादळ नाही, उंच लाटा नाहीत, निरोपाचा बँड नाही. म्हणून वर्तमानपत्रात त्या दिवसाचे छायाचित्र येत नाही. पण पुढचा प्रवास सुखरूप होणार की नाही, हे बरेचसे त्याच दिवशी ठरून गेलेले असते.

कोणी म्हणेल, “अहो, आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला मांजरा, मध्ये बालाघाटाचे डोंगर. आधी विहिरीला पाणी लागू द्या, मग समुद्राचं बघू.” हे म्हणणे काही खोटे नाही. पण गंमत पाहा. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना ज्यांनी नौदलापुढे मांडली आणि नेटाने लावून धरली, ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहत होते ते सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यात, विंचुर्णी नावाच्या खेड्यात. तोही आपल्यासारखाच कमी पावसाचा मुलूख. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेला हा दर्यावर्दी माणूस माळरानावर बसून समुद्राचा विचार करीत होता. २०१८ साली ते वारले. पण त्याआधी आपली कल्पना पुरी झालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

ती कशी पुरी झाली ते थोडक्यात सांगतो. गोव्यात मांडवी नदीत दिवाडी नावाचे बेट आहे. तिथे रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही छप्पन फुटांची शिडाची नाव बांधली गेली. मांडवीला वरच्या अंगाला म्हादई म्हणतात, तेच नाव नावेला दिले. ही नाव घेऊन कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले. वाटेत चार बंदरांत थांबत, पृथ्वीला वळसा घालून, १९ मे २०१० रोजी ते मुंबईला परत आले. नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ साली याच नावेतून अभिलाष टॉमी यांनी तर कुठल्याही बंदरात न थांबता फेरी पुरी केली. त्यानंतर तशीच दुसरी नाव बांधली गेली, ‘तारिणी’. तिच्यातून नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परत आल्या. वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, एस. विजया देवी, बी. ऐश्वर्या आणि पायल गुप्ता ही त्यांची नावे. आणि २०२४-२५ साली त्याच तारिणीतून दिलना आणि रूपा या दोघीच जणी जगाला फेरी घालून आल्या.

शिक्षक मंडळींसाठी इथे एक उपयोगाची गोष्ट सांगून ठेवतो. पृथ्वीप्रदक्षिणा कशाला म्हणायचे, याचे काही नियम आहेत. निघालो त्याच बंदरात परत यायचे. सगळी रेखावृत्ते ओलांडायची. विषुववृत्त निदान दोनदा ओलांडायचे. सुवेझ किंवा पनामा कालव्याची जवळची वाट धरायची नाही. आणि अंतर २१,६०० सागरी मैलांपेक्षा कमी भरता कामा नये. आता हा २१,६०० चा आकडा कुठून आला? वर्तुळाचे अंश ३६०, एका अंशाची मिनिटे ६०, गुणाकार २१,६००. पृथ्वीच्या गोलावर एका मिनिटाइतके अंतर म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. म्हणजे आपल्या बीडहून नीट उत्तरेला एक अंश गेलो, तर ६० सागरी मैल, सुमारे १११ किलोमीटर झाले. पाठ्यपुस्तकातले अक्षांश-रेखांश हे असे खलाशाच्या पायाखाली येतात.

या सगळ्या प्रवासात सर्वांत कठीण टप्पा कोणता? न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरातून निघून, पॅसिफिक महासागराचा दक्षिण भाग ओलांडून, दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नला वळसा घालून, फॉकलंड बेटांवरच्या पोर्ट स्टॅन्लीला पोचायचे. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ असे शब्द येतात. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या खाली मध्ये जमीन जवळजवळ नाही. त्यामुळे पश्चिमेचे वारे अडवायला कोणी नाही. ते पृथ्वीभोवती मोकाट धावतात आणि समुद्र ढवळून काढतात. लिटलटन त्रेचाळीस अंशांवर, केप हॉर्न छप्पन अंशांवर. तारिणी १२ डिसेंबर २०१७ ला लिटलटनहून निघाली ती २२ जानेवारी २०१८ ला पोर्ट स्टॅन्लीला लागली. एक्केचाळीस दिवस! वाटेत ताशी शंभर किलोमीटरहून जोराचे वारे त्यांना लागले. या एक्केचाळीस दिवसांत मध्ये एकही मुक्काम नाही.

आणि निघण्यापूर्वी त्या बंदरात तारिणी किती दिवस होती? सुमारे तेरा दिवस. सात वर्षांनी दिलना आणि रूपा गेल्या, त्यांचाही तिथला मुक्काम जवळपास तेवढाच होता. या तेरा दिवसांत काय करतात, हे आता पाहू. पुढे सांगतो तो त्यांच्या रोजनिशीतला एखादा ठराविक दिवस नव्हे. अशा नावेवर निघण्यापूर्वी जी कामे करावीच लागतात, ती एका दिवसात ओवून आपल्यापुढे ठेवतो आहे.

सकाळी वारा पडलेला असतो, पाणी स्थिर असते. पहिले काम डोलकाठीचे. तारिणीची डोलकाठी सुमारे पंचवीस मीटर उंच आहे. सात-आठ मजली इमारत समजा. दोराला बांधलेल्या बैठकीत एकीला बसवतात आणि खालच्या जणी तिला वर ओढतात. ती वरपासून खालपर्यंत प्रत्येक तार, प्रत्येक खिळा, प्रत्येक कप्पी हाताने चाचपत येते. तारेचा एखादा धागा तुटून काट्यासारखा वर आलेला असतो, तो डोळ्याला दिसत नाही, पण बोटाला टोचतो. हे काम बंदरातच करायचे, कारण समुद्रात नाव थोडी कलली तरी डोलकाठीचे टोक कितीतरी अंतर झोके घेते. तिथे वर चढलेल्या माणसाला तपासणी कसली सुचते? दोन्ही हातांनी धरून राहणे, एवढेच काम उरते.

मग दोर. दोर कुठे झिजतो? कप्पीवरून वळतो तिथे. आपल्या विहिरीवरचा दोर आठवा. तो सगळा नवा दिसतो, पण जिथे रहाटावर घासतो तिथेच एक दिवस तुटतो आणि बादली तळाला जाते. म्हणून खलाशी दोर थोडा आखूड करतात, किंवा उलटून लावतात, म्हणजे घासणारी जागा बदलते. यात विद्या मोठी नाही. नजर पाहिजे, आणि आळस नको.

मग शिडे. शिडे धक्क्यावर किंवा नावेच्या पाठीवर पसरतात आणि हातभर हातभर तपासतात. उसवलेला टाका सापडला की सुई-दोरा, मेण आणि जाड कातडी पंजा घेऊन बसायचे. आपल्याकडे गोणपाट शिवायला दाभण घेतात, तशीच ही शिवण. आज बोटभर उसवलेले शीड दहा मिनिटांत शिवून होते. तेच वादळात सापडले, तर वाऱ्याच्या एका झपाट्यात वरून खालपर्यंत फाटते, आणि मग ते उतरवायला जीव धोक्यात घालून माणूस पुढे पाठवावा लागतो.

सुकाणूची तपासणी सर्वांत बारकाईची. सुकाणू बिघडले तर शिडे कितीही चांगली असोत, नाव वाऱ्याच्या हाती गेली. हा केवळ धाक नव्हे. तारिणीच्याच पहिल्या फेरीत, केप टाउनहून गोव्याकडे येताना, सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ठरलेले नसताना त्यांना मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात जावे लागले. म्हणजे पाहा, इतकी काळजी घेऊनही बिघाड होतोच. पण बिघाड झाल्यावर नाव बंदरापर्यंत आणता आली. बिघाड होणारच नाही, याची हमी तयारी देत नाही. बिघाडातून वाट काढायला हाताशी काहीतरी ठेवते.

दुपारी सामान भरायचे. यात सगळ्यांत आधी पाण्याचा हिशेब. भोवती अथांग पाणी, पण ते खारे. प्यायचे पाणी मोजूनच वापरायचे. शाळेत मुलांना घालावे असे हे गणित आहे. सहा माणसे, एक्केचाळीस दिवस, माणशी रोज पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून समजा तीन लिटर. किती झाले? सातशे अडतीस लिटर. वजन? सातशे अडतीस किलो, म्हणजे पाऊण टन. आंघोळ, कपडे, भांडी यांचा हिशेब यात धरलेलाच नाही. आजकाल खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र नावेवर असते. पण त्या यंत्राला वीज लागते, विजेला इंजिनाचे तेल किंवा ऊन लागते, आणि ढगाळ वादळी समुद्रात ऊन कुठले? म्हणून यंत्र असले तरी टाकी भरूनच निघायचे. शिवाय शिडावरून ओघळणारे पावसाचे पाणी धरायची सोय ठेवायची. टँकरची वाट पाहिलेल्या, हंड्याहंड्याने पाणी पुरवलेल्या आपल्या बायाबापड्यांना हे समजावून सांगायला नको. या एका बाबतीत बीडची बाई आणि भर समुद्रातला खलाशी सारखेच शहाणे आहेत.

मग अन्न. तांदूळ, डाळी, पीठ हे टिकते. ओल्या भाजीत कांदे, बटाटे, कोबी, लिंबे ही बरेच दिवस दम धरतात. अंड्यांना चिकट तुपकट हात फिरवून ठेवतात, म्हणजे कवचातून हवा आत जात नाही आणि ती लवकर नासत नाहीत. खोकी मात्र नावेवर घेत नाहीत. पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. सामान धक्क्यावरच काढून घेतात आणि खोकी तिथेच सोडतात. बंद डब्यांवर आत काय आहे ते शाईने लिहितात, कारण ओलीने कागदी चिठ्ठ्या सुटतात आणि मग कोणता डबा डाळीचा, कोणता फळांचा, हे उघडल्याशिवाय कळत नाही.

लिंबांची तर मोठी कथा आहे. पूर्वी लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा उघडत आणि शेकडो माणसे मरत. त्या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली जेम्स लिंड या इंग्रज आरमारातल्या वैद्याने बारा आजारी खलाशी घेतले, दोघादोघांना वेगवेगळे उपाय दिले आणि पाहिले. संत्री आणि लिंबू मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. आज आपण म्हणतो, क जीवनसत्त्व. पण बंदरातून निघताना लिंबांची पिशवी घेतली की नाही, यावर त्या काळी माणसांचे प्राण अवलंबून होते.

सामान कुठे ठेवायचे, यालाही शास्त्र आहे. बैलगाडी भरताना मागे भार जास्त झाला तर गाडी उलाळते. पुढे जास्त झाला तर बैलांच्या मानेवर ओझे येते. नावेत जड वस्तू खाली आणि मधोमध ठेवायच्या. अशा नावेच्या तळाखाली भले मोठे वजन मुद्दाम बसवलेले असते. बुडाशी वजन असलेली बाहुली आडवी केली तरी उठून बसते, तशी नाव कलंडली तरी त्या वजनाने पुन्हा उभी राहते. वरच्या बाजूला जड सामान कोंबले, तर या रचनेवर पाणी पडते. आणि प्रत्येक वस्तू बांधून ठेवायची. नाव कलली की न बांधलेला डबा हा दगड होतो.

तिसऱ्या प्रहरी आकाशाचा विचार. हवामानाचे नकाशे मांडून बसतात, वायुभारमापक पाहतात. त्या दक्षिणेकडच्या समुद्रात कमी दाबाची वादळे एकामागून एक पश्चिमेकडून पूर्वेकडे जात असतात. आपल्या गोलार्धात कमी दाबाभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. तिकडे तो काट्यांप्रमाणे फिरतो. त्यामुळे कमी दाबाचे केंद्र दक्षिणेकडून जात असेल, तर ते येण्याआधी वायव्येचा वारा सुटतो, दाब उतरत जातो. केंद्र पुढे सरकले की वारा नैर्ऋत्येचा होतो आणि दाब चढू लागतो. पूर्वेला जाणाऱ्या नावेला हा पाठीमागून येणारा वारा सोयीचा. म्हणून एक वादळ पुढे जाऊ द्यायचे आणि पुढचे येण्याआधी किनाऱ्यापासून दूर, मोकळ्या पाण्यात पोचायचे. खलाशाला वादळाइतकीच भीती किनाऱ्याची वाटते. मोकळ्या समुद्रात नावेला सरकायला जागा असते. खडकाळ किनाऱ्यालगत ती नसते.

पण फार दिवस थांबूनही चालत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिकडचा उन्हाळा. दिवस मोठे, थंडी कमी. तो संपत आला की केप हॉर्नची वाट आणखी कठीण होते. म्हणजे लवकर निघण्यात धोका आणि उशीर करण्यातही धोका. आपल्या शेतकऱ्याला हे कोडे चांगले ठाऊक आहे. मृगाचा पहिला पाऊस पडला की हात शिवशिवतात. पण पुरेशी ओल नाही, वापसा नाही, तर पेरलेले करपते. वाट पाहत बसलो तर हंगाम निघून जातो. शेतात दुबार पेरणी करता येते. तिचा खर्च कंबर मोडतो, पण करता तरी येते. समुद्रावर दुबार निघणे नाही. म्हणून नावेच्या प्रमुखाचा सर्वांत अवघड शब्द ‘चला’ हा नसतो. सगळी तयारी झालेली, निरोपाला माणसे जमलेली, आणि तरी “आज नाही” असे म्हणावे लागते, ते अवघड असते. ज्याला हे म्हणता येत नाही त्याच्या हाती सुकाणू देऊ नये.

घाईने ओलांडायला गेले की काय होते, याचा दाखला शोधायला आपल्याला समुद्रावर जायला नको. तो आपल्याच जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, राक्षसभुवनला आहे. १० ऑगस्ट १७६३. गोदावरीला पावसाळ्याचे पाणी. निजामाचे सैन्य नदी उतरून पलीकडे जात होते. स्वतः निजाम पलीकडच्या तीरावर पोचला होता, आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे होता. अशा दोन्ही तीरांवर वाटल्या गेलेल्या सैन्यावर मराठे येऊन कोसळले. विठ्ठल सुंदर मारला गेला. मधल्या पाण्यामुळे पलीकडचे सैन्य मदतीला येऊ शकले नाही. त्यांना नुसते पाहावे लागले. लढाईची कारणे अनेक होती, ती इतिहासाच्या तासाला सांगता येतील. आपल्याला इथे एवढेच घ्यायचे: पाणी ओलांडताना माणूस सर्वांत दुबळा असतो. जे काही करायचे ते ओलांडायला लागण्याआधी करायचे.

आता संध्याकाळ. कामे आटोपलेली आहेत. यादीवरच्या ओळींवर एकेक काट पडलेली आहे. अशा वेळी नवख्या माणसाला वाटते की आता काहीतरी करीत राहावे. अनुभवी माणूस झोपतो. झोप हीसुद्धा शिदोरी आहे. समुद्रावर चोवीस तास कोणीतरी जागे असावे लागते. सहा जणी असल्या तर दोघी-दोघींच्या पाळ्या लागतात. दोघीच असल्या तर एक जागी आणि एक झोपलेली, आणि वादळात दोघीही जाग्या. एकट्या माणसाची तर झोप तुकड्यातुकड्यांचीच. म्हणून बंदरातल्या अखेरच्या रात्री पोटभर झोपायचे, गोड्या पाण्याने मनसोक्त आंघोळ करायची, घरी बोलून घ्यायचे. आणि मनात काही अढी असेल तर तीही बंदरातच बोलून मोकळी करायची. सतरा मीटरच्या नावेत सहा माणसे दीड महिना राहणार. तिथे रुसून बसायला दुसरी खोली नाही. फाटके शीड जसे धक्क्यावर शिवायचे, तसे फाटलेले मनही.

इतके करूनही समुद्र आपल्या मुठीत येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अभिलाष टॉमी यांच्याइतका अनुभवी माणूस विरळा. २०१८ साली ते ‘थुरिया’ नावाच्या नावेतून, जुन्या काळची साधने घेऊनच करायच्या जागतिक शर्यतीत उतरले. ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, दक्षिण हिंदी महासागरात, सप्टेंबरच्या वादळात नाव कोलमडली, डोलकाठी मोडली, आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. उठता येईना. पण संकटाची खूण देणारे यंत्र होते, छोटे संदेश पाठवायचे साधन होते, ते त्यांनी वापरले. कोणत्या जागी आहेत हे जगाला कळले. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचलून घेतले. तयारीने वादळ टळले नाही. पण माणूस वाचला. आणि पुढे काय झाले, हेही ऐका. पाठीवर शस्त्रक्रिया झालेला हाच माणूस २०२२ साली पुन्हा त्याच शर्यतीत उतरला, आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने ती पुरी करून आला.

आपण साहस म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे उडी येते. वरच्या सगळ्या हकिकतीत उडी अशी कुठेच नाही. आहे ती यादी, सुई-दोरा, पाण्याचे माप आणि वाट पाहण्याचा धीर. मुलांना शूरांच्या गोष्टी सांगताना ही बाजूही सांगावी, असे मला शिक्षक म्हणून वाटते. वर्गात एक दिवस हा खेळ करून पाहा. मुलांना सांगा, “तुम्ही सहा जण आहात, एक्केचाळीस दिवस दुकान नाही. काय काय घ्याल? किती घ्याल? कुठे ठेवाल?” गणित, भूगोल, आरोग्य आणि एकमेकांशी जुळवून घेणे, हे चारही विषय एकाच तासात येतील.

आणि अखेरची गोष्ट आपल्या घरची. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. हेही एक मोठे ओलांडणेच आहे. निघण्याआधीचे चार दिवस त्या घरात पाहावेत. बाजरीचे पीठ मोजले जाते, कोयत्याला धार लावली जाते, पाचटाच्या कोपीवर टाकायचा कागद गुंडाळला जातो, बैलांच्या शिंगांना रंग दिला जातो, म्हाताऱ्यांच्या औषधाची सोय लावली जाते. त्या मायबहिणींना तयारी शिकवायला कोणी जायला नको. फक्त या यादीत एक ओळ कधी कधी राहून जाते, आणि ती म्हणजे पोराची शाळा. मूल गावातच राहणार असेल तर हंगामी वसतिगृहात त्याची जागा धरली का? बरोबर जाणार असेल तर तिकडच्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी पत्रक घेतले का? त्याची वह्या-पुस्तके गाठोड्यात बांधली का?

ही ओळ यादीत घालायचे काम आपले, शिक्षकांचे आणि गावातल्या जाणत्या माणसांचे आहे. त्याची वेळ म्हणजे गाडी निघण्याआधीचे हेच शांत दिवस. मुकादमाची गाडी सुरू झाल्यावर, सामानावर बसलेल्या पोराला हाक मारून काही उपयोग नसतो. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी त्या घरी जावे, ओट्यावर बसावे आणि विचारावे, “बाई, सगळं भरलं का? आणि याच्या शाळेचं काय ठरलं?” हे विचारायला पाच मिनिटे लागतात. नांगर अजून पाण्यात असतो, तोवरच ती पाच मिनिटे कामाची.